मापबाईंच्या गाडीखालचा डाग

मापबाईंचं खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदावर असेल. गल्लीत ते कुणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक असलं तरी ते उच्चारायची कुणाची छाती नाही. एकोणतीस वर्षं त्या वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होत्या. बाजाराच्या तोंडाशी त्यांची छोटी बदामी रंगाची गाडी वळताना दिसली की दुकानादुकानांतून आवराआवर सुरू व्हायची. पारड्याखाली चिकटवलेला लोहचुंबक, तळाशी मेण ओतून उथळ केलेलं लिटरचं माप, आतून पोखरलेलं वजन, कापड मोजताना पट्टीवरून हळूच पुढे सरकणारा अंगठा, असल्या सगळ्या करामती त्यांना तोंडपाठ. एका दूधवाल्याने म्हणे त्यांना लांबून पाहिलं आणि सायकल तिथेच भिंतीला टेकवून तो जो गेला तो दोन दिवस दिसलाच नाही. खरंखोटं तो दूधवाला जाणे. पण ही गोष्ट कुणी खोटी आहे म्हणत नाही, यातच काय ते आलं.

निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, सवय सुटली नाही. गॅसचा सिलिंडर आला की त्या तो एका हाताने उचलून बघायच्या आणि आणणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत खाली ठेवायच्या. साबणाची वडी नव्या वेष्टनात बारीक झाली तर कारखान्याला पत्र जायचं. त्यांचे यजमान शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मास्तर जेवताना "आज जरा भूक कमी आहे" म्हणाले, तर "बाहेर काय खाल्लंत आणि कुणाबरोबर?" इथून चौकशीला सुरुवात. मास्तर स्वभावाने थंड. असल्या बायकोबरोबर चाळीस वर्षं काढायची म्हणजे माणूस एकतर थंड होतो नाहीतर घर सोडतो, आणि मास्तरांना घरातली आरामखुर्ची सोडवत नव्हती.

साऱ्या जगात मापबाईंनी ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला असा एकच माणूस होता, तो म्हणजे त्यांच्या गाडीचा मेस्त्री. गाडी एकवीस वर्षांची, आणि मेस्त्रीही तिला तेवढ्याच वर्षांचा. दुसऱ्या कुणी तिचं बॉनेट उघडलेलं बाईंना खपायचं नाही. अर्थात डोळे मिटून हे आपलं बोलायचं. सर्व्हिसिंगच्या दिवशी बाई गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसायच्या आणि तेलाचा डबा उघडल्यापासून झाकण लागेपर्यंत बघत राहायच्या. मेस्त्रीलाही त्याचं काही वाटत नसे. "बाई बसल्या की माझा हात नीट चालतो," असं तो म्हणायचा. हा खवचटपणा होता की कौतुक, ते एकवीस वर्षांत बाईंनी ठरवलं नव्हतं.

यंदा मात्र घोळ झाला. सर्व्हिसिंगच्या आठवड्यातच बाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून त्या घरी पडून, आणि गाडी घेऊन गेले मास्तर.

"तेल घालताना तुम्ही समोर होतात ना?" गाडी परत आली त्या दुपारी पहिला प्रश्न.

"होतो की. समोरच होतो."

"डबा उघडताना पाहिलात?"

"मी पेपर वाचत होतो गं."

 बाईंच्या उघड्या असलेल्या एका डोळ्यात जे दिसलं ते पाहून मास्तरांनी त्या दिवशी चहा स्वतःच करून घेतला.

पंधरा दिवसांनी डोळा स्वच्छ झाला आणि जग पुन्हा खरं दिसायला लागल्यावर बाईंनी पहिलं काम केलं ते खाली पार्किंगमध्ये जाऊन बॉनेट उघडायचं. इंजिनातलं तेल मोजायची एक लांब पट्टी असते. ती ओढून काढायची, पुसायची, परत खोचायची, पुन्हा काढायची. तिच्यावर दोन खुणा असतात, आणि तेल वरच्या खुणेपाशी हवं. बाईंच्या पट्टीवर ते खालच्या खुणेलाही टेकत नव्हतं.

एकवीस वर्षांत त्यांनी ही पट्टी कधी हातात घेतली नव्हती. गरजच काय? डोळ्यांसमोर डबा रिकामा व्हायचा. आता मात्र ती तेलकट पट्टी धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा काटा पहिल्यांदा खोटा निघाला तेव्हाही त्यांना इतकं वाईट वाटलं नव्हतं.

त्यांनी गाजावाजा केला नाही. आपली पुरावा गोळा करायची रीत त्यांना चांगली ठाऊक होती. आधी माल पकडायचा, मग माणूस. त्यांनी तेलाचा एक डबा आणला, बाल्कनीत केरसुणीच्या मागे लपवला आणि अर्धा लिटर तेल गाडीत घातलं. आठ दिवसांनी पाहिलं, तरी कमीच. आणखी अर्धा लिटर. प्रत्येक वेळी वहीत तारीख आणि माप. मास्तरांना केरसुणीमागचा डबा दिसला होता. पण न विचारलेलं बरं, या तत्त्वावर त्यांचा संसार उभा होता.

मग एके दिवशी सकाळी तो डाग दिसला.

"अहो, खाली या."

मास्तर चहाचा कप हातात घेऊनच उतरले. गाडीच्या पोटाखाली फरशीवर बशीएवढा काळा डाग होता.

"हे काय आहे?"

मास्तर वाकून म्हणाले, "डाग."

"ते मलाही दिसतंय. कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? आपल्या गाडीखाली आहे म्हणजे..."

"गाडीखाली आहे म्हणजे गाडीचाच, असं कुठं लिहून ठेवलंय? उद्या तुमच्या खुर्चीखाली हाड सापडलं तर तुम्ही कुत्रा का?"

यावर मास्तरांनी चहाचा घोट घेतला.

बाईंचा संशय पहिल्यांदा गेला तो शेजारच्या दंतवैद्यांवर. त्याला कारण होतं. दंतवैद्यांची नवी लांबलचक गाडी पांढऱ्या रेषेच्या बाहेर चार बोटं यायची, आणि ती चार बोटं बाईंनी टेप लावून मोजून त्यांना दाखवली होती. तेव्हापासून दंतवैद्य जिन्यात भेटले की नुसते दात दाखवायचे. हा माणूस पहाटे फिरायला जातो, हातात बाटली असते, आणि बाटलीत पाणीच असतं हे कुणी पाहिलंय? बाईंनी चार ओळींची चिठ्ठी लिहिली, "आपल्या सवयी सोसायटीला कळवाव्या लागतील" असा शेवट केला आणि ती दंतवैद्यांच्या टपालपेटीत टाकून दिली.

पण खात्याचं शिक्षण असं की आरोप करायच्या आधी नाही तर निदान नंतर तरी खात्री करायची. फ्रिजचा जुना खोका फाडून त्याचे दोन मोठे पुठ्ठे त्यांनी केले. एक आपल्या गाडीखाली सरकवला, दुसरा काठीने ढकलत ढकलत दंतवैद्यांच्या गाडीखाली. पुठ्ठ्यांवर खडूने तारीख घातली. सकाळी दंतवैद्यांचा पुठ्ठा कोरा करकरीत, आणि आपल्यावर सात थेंब. दुसऱ्या दिवशी नऊ.

आता प्रश्न चिठ्ठीचा. दंतवैद्य गावाला गेलेले, पेटीला कुलूप. बाई स्वयंपाकघरातला लांब चिमटा घेऊन खाली गेल्या आणि पेटीच्या फटीतून चिठ्ठी ओढायला लागल्या. नेमक्या त्याच वेळी दंतवैद्यांच्या पत्नी पायऱ्या उतरून आल्या.

"काकू, काही अडकलंय का?"

"आमचं एक पत्र चुकून तुमच्यात पडलं," बाई म्हणाल्या. एकोणतीस वर्षांत त्या इतक्या सहज खोटं बोलल्या नव्हत्या. आणि चिमट्यात चिठ्ठी धरून अशा ताठ मानेने वर गेल्या, की दंतवैद्यांच्या पत्नीलाच आपलं काहीतरी चुकलं असं वाटलं. चिठ्ठीचे चौसष्ट तुकडे झाले. कुणाला काही कळलं नाही. म्हणजे चूक मागे घ्यायची ती अशी, कुणाच्या नकळत, हीच बाईंची पद्धत. उघडपणे मागे घेतलेला शब्द त्यांच्या आयुष्यात एकही नव्हता.

दंतवैद्य सुटले आणि संशय वळून पुन्हा गॅरेजच्या दिशेने गेला, तो या वेळी हिशोब घेऊनच. डाग पडला त्या आठवड्यात बाईंनी तिसऱ्यांदा अर्धा लिटर घातलं, तेव्हा कुठे पट्टीवर तेल वरच्या खुणेला टेकलं. पुठ्ठे त्यांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी आणि नंतर तोलले. सगळी मिळून गळती पाव लिटरच्या वर नव्हती. आता बघा. वरच्या खुणेपर्यंत म्हणजे तीन लिटर. त्यातलं दीड आपण घातलेलं. पाव गळून गेलं. म्हणजे मेस्त्रीने घातलं पावणेदोन. सव्वा लिटर तेल गडप! शिवाय गळती. इंजिन उघडलं, कमी तेल घातलं, कुठेतरी काहीतरी ढिलं सोडलं म्हणजे बाई पुन्हा गाडी घेऊन दारात. काम आपोआप वाढतं.

"मेस्त्री असं करणार नाही," मास्तर म्हणाले.

"प्रत्येक दुकानदाराची बायको मला हेच सांगायची."

शनिवारी सकाळी दोघं गॅरेजमध्ये गेली. बाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत स्टीलचं एक लिटरचं माप, कडेवर खात्याचा शिक्का असलेलं. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी शाल देऊ केली होती. बाई म्हणाल्या होत्या, शाल नको, माप द्या.

गॅरेज म्हणजे पत्र्याखालची लांबट जागा. मधोमध खड्डा, कडेला लाकडी पाट्या, भिंतीवर पान्ह्यांच्या रांगा. मेस्त्री ठेंगणा, मिशा पांढऱ्या, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. त्याचा धाकटा भाऊ पंचेचाळिशीचा, उंच, अबोल, आणि बहुतेक वेळ खड्ड्यात. गिऱ्हाइकांना त्याचा आवाज जमिनीखालूनच ओळखीचा.

"या बाई! डोळा काय म्हणतोय?"

"दिसतंय आता. सगळं दिसतंय," बाई म्हणाल्या.

मेस्त्रीला त्यातली बोच कळली नाही. गाडी तेल टाकतेय हे ऐकल्यावर त्याने चष्मा चढवला आणि खड्ड्यात उतरून पोटाखाली बॅटरी मारली. खालचं सगळं तेलाने माखलेलं, वर धूळ बसून त्याची काळी साय झालेली.

"गळतंय तर कुठून?" बाईंनी वरून विचारलं.

"असं नाही सांगता येत. तेल जिथं थेंबतं तिथं ते गळत नसतं. वर कुठंतरी निसटतं, वाऱ्याने मागे जातं, ओघळत खाली येतं आणि शेवटी भलत्याच ठिकाणी लोंबकळतं. जो थेंब दिसतो त्याला धरून चालत नाही. वरून खाली बघत यायचं."

हे ऐकून मास्तरांनी मान डोलावली. नदीचा उगम आणि मुख हा त्यांचा आवडता धडा. बाईंनी मात्र मनात नोंद केली की माणूस विषय वर नेतो आहे.

मेस्त्रीने इंजिन डिझेल मारून धुतलं, हवेने सुकवलं. मग कपाटातून अंगाला लावायच्या पावडरचा डबा काढला आणि सगळ्या इंजिनावर फसाफसा शिंपडला. गुलाबाच्या वासाने गॅरेज भरून गेलं.

"लग्नाला न्यायची आहे का?" मास्तर म्हणाले.

"पावडरवर तेलाची रेघ उठते मास्तर. चोर पावलं टाकतो तशी."

चोर हा शब्द मेस्त्रीने इतक्या निर्मळपणे उच्चारला की बाईंचा संशय दुप्पट झाला. चोर कधीच अडखळत नाही, हा त्यांचा अनुभव.

गाडी दहा मिनिटं फिरवून आणली. बॉनेट उघडल्यावर तिघांची डोकी एकदम आत. इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या पॅकिंगला पावडर तशीच पांढरी. तेलाच्या फिल्टरपाशीही कोरडं. पण इंजिनातला वाफारा बाहेर सोडणारी एक जाड रबरी नळी असते, तिच्या सांध्यातून काळपट ओलसर रेघ निघाली होती आणि इंजिनाच्या पाठीवरून ओघळत थेट खाली गेली होती. मेस्त्रीने नळी उपसली. आत तेल. हवेच्या फिल्टरचं खोकं उघडलं. कागदी फिल्टर तेलात भिजलेला.

मेस्त्रीच्या कपाळावर आठ्या पडल्या. "इथं तेल यायचं काही कारण नाही. आतून दाब येतोय. पण कशाने? पिस्टनच्या रिंगा झिजल्या म्हणाव्यात तर धूर नाही." तो पट्टीकडे हात नेत म्हणाला, "थांबा, जरा..."

"पट्टी नको." बाईंनी पिशवीतून माप काढून बॉनेटच्या कडेवर ठेवलं. ठण्ण आवाज झाला. "तेल सगळं खाली काढा. आपण मापाने मोजू."

 खड्ड्यात कुठेतरी पान्हा पडला.

"म्हणजे?" मेस्त्रीने चष्मा काढला. "मी कमी घातलं?"

"मी काही म्हणत नाही. माप म्हणेल."

"एकवीस वर्षं झाली बाई."

"म्हणून तर स्वतः आले. दुसरं कुणी असतं तर खात्यातली माणसं आली असती."

मास्तर भिंतीवरचे पान्हे मोजायला लागले. मेस्त्रीचा चेहरा लालबुंद झाला. तो ओरडला नाही, हे जास्त वाईट होतं. "माझ्या या हाताने घातलंय तीन लिटर. काढतो. तुमच्या मापाने मोजतो. कमी निघालं तर गॅरेजला कुलूप लावून चावी तुमच्या हातात देतो. आणि पुरं निघालं तर उद्यापासून ही गाडी दुसऱ्या कुणाकडे न्या. मला पुन्हा दाखवायची नाही."

 हा माणूस गेला तर जगात राहिलं कोण? पण माप बॉनेटवर ठेवलेलं होतं, आणि एकदा बाहेर काढलेलं माप त्यांनी कधी पिशवीत परत घातलं नव्हतं. "काढा," त्या म्हणाल्या.

भावाने खड्ड्यातून इंजिनाच्या तळाचा, चेंबरचा नट काढला. काळं कोमट तेल पातेल्यात धो धो आलं. मेस्त्री पातेलं वर घेऊन मापात ओतायला लागला, आणि बाई काठाशी डोळा आणून बघू लागल्या, हल्लीच नवा झालेला डोळा.

एक लिटर. भरलेलं माप बादलीत रिकामं झालं. दोन. मेस्त्रीचा हात थरथरत नव्हता, याची बाईंनी नोंद घेतली. तीन काठोकाठ. आणि पातेलं अजून जड दिसत होतं.

हिशोबाने आता तळ दिसायला हवा होता.  चौथं माप अर्धं झालं, पाऊण झालं, भरलं. वर थोडं उरलं, तेही मेस्त्रीने ओतलं. जवळजवळ पाव.

आयुष्यात पहिल्यांदा बाईंच्या मापात माल जास्त भरला होता. तीन मेस्त्रीचे आणि दीड आपले. त्यातलं पाव गळालेलं. हिशोब कसा काट्यावर बसला होता, फक्त तो मेस्त्रीच्या बाजूने बसला होता.

मेस्त्री आधी मापाकडे बघत राहिला, मग इंजिनाकडे. "तीन घातलं आणि सव्वाचार निघालं? तेल पिणारी इंजिनं पाहिली मी बाई. तेलाला पिल्लं होणारं हे पहिलंच." आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो खड्ड्याकडे वळला. "अरे ए! तूच घातलंस ना त्या दिवशी? सव्वा लिटर जास्त! भरलं ते भरलं, बघितलंस तरी का? आतला फिरता क्रँक त्या तेलात बुडून फेस घुसळतोय, दाब वाढून सगळं नळीवाटे बाहेर! गेल्या वर्षीही त्या टेम्पोचं झाकण विसरला होतास. माझी इज्जत घालवलीस बाईंपुढे!"

"दादा, मी तीनच घातलं," खड्ड्यातून आवाज आला.

"मग हे आभाळातून पडलं?"

"मी तीनच घातलं."

"उद्यापासून तेलाला हात लावायचा नाहीस. नुसती चाकं धुवायची!"

बाईंच्या कानात एवढ्या गदारोळातही एक गोष्ट टोचली: मघाशी 'माझ्या या हाताने' म्हणणारा हात भावाचा होता तर! एरवी त्यांनी ते तिथेच धरलं असतं. पण मास्तरांनी पान्हे मोजायचं थांबवलं होतं आणि ते बायकोकडे बघत होते.  केरसुणीमागचा डबा त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

गप्प राहायचं म्हटलं तर सोपं होतं. चिमट्याचीही गरज नव्हती. तेल भावाच्या खात्यावर जमा झालेलंच होतं. मेस्त्री उलट माफी मागणार, गाडी इथेच राहणार, सगळं पहिल्यासारखं. खड्ड्यात पंचेचाळीस वर्षांचा माणूस मान खाली घालून तिसऱ्यांदा म्हणाला, "दादा, मी तीनच घातलं." आवाज आता बारीक झाला होता. शेकडो दुकानांत चोरी नाकारणारी माणसं बाईंनी ऐकली होती. खोटं बोलणारा माणूस दर वेळी वाक्य बदलतो. हा बदलत नव्हता.

"मेस्त्री, थांबा. तेल मी घातलं."

"काय?"

"दीड लिटर. तीनदा. तुम्ही कमी घातलंय असं वाटलं मला."

मेस्त्री खाली पाटीवर बसला. "वाटलं? तुम्हाला नुसतं वाटलं?"

"पट्टी पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं."

"कुठे पाहिलीत?"

"आमच्या पार्किंगमध्ये."

 मेस्त्रीचे खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय ते क्षणभर कळेना. "तुमच्या पार्किंगला उतार आहे बाई! दोन वर्षांपूर्वी बॅटरी उतरली तेव्हा मी आलो होतो, पान्हा ठेवला की घरंगळायचा. गाडीचं नाक वर, शेपूट खाली. तेल सगळं मागे सरकणार आणि पट्टी पुढे खोचलेली. कमीच दाखवणार ती. सपाट जागेवर बघायची असते पट्टी!"

ते शब्द बाईंच्या कानशिलावर बसले. काटा समतल जागेवर हवा, ही त्यांची पहिली सूचना. पिशवीत पाणसळ घेऊन फिरायच्या त्या, आणि बुडबुडा केसभर जरी सरकला तरी दुकानदाराला म्हणायच्या, "आधी काटा सरळ करा, मग बोला." तो पार्किंगचा उतारही त्यांनीच गवंड्याच्या डोक्यावर बसून काढून घेतला होता. मीटरला दोन बोटं, पाणी साचता कामा नये. दोन बोटं म्हणजे दोन बोटं.

"अहो, तुम्ही तरी!" त्या मास्तरांवर उखडल्या. "तीस वर्षं पोरांना उतार शिकवलात!"

"नद्यांचा गं," मास्तर म्हणाले. "तेलाचा नव्हता अभ्यासक्रमात."

मेस्त्री आता खरंच हसत होता, चष्म्याच्या दोरीने डोळे पुसत. मग एकदम थांबला. "पण बाई, माझ्यावर आला तुमचा संशय. ते काही बरं नाही केलंत."

"नाही केलं," बाई म्हणाल्या. "चुकलं माझं. पण ते 'माझ्या या हाताने' तुम्ही म्हणालात, तेही सपाट जागेवरचं नव्हतं."

मेस्त्रीने मिशीवरून हात फिरवला. "बरं, ते जाऊ द्या. माप पुरं निघालं, म्हणजे शब्दाप्रमाणे गाडी दुसरीकडे. पण सव्वा लिटर जास्त निघालं तर काय, ते आपण ठरवलंच नव्हतं. म्हणजे तो करार मोडला. ए, नट लाव रे! नवीन तेल भरू."

खड्ड्यात हालचाल नाही.

"ऐकू येतंय का? नट लाव."

"नट माझ्या हातात आहे," जमिनीखालून आवाज आला. "मी ऐकतोय. आधी माझ्याशी कोण बोलणार ते ठरवा."

मेस्त्री आणि मापबाई दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अबोल माणसाने एवढं लांब वाक्य बोलावं, हे गॅरेजच्या भिंतींनाही नवीन होतं.

बाई खड्ड्याच्या काठाशी आल्या. गुडघे कुरकुरले. मास्तरांनी हात पुढे केला तो त्यांनी झिडकारला आणि एका हाताने गाडीचं चाक धरून खाली वाकल्या, इतक्या की खड्ड्यातल्या माणसाचा तेलाने काळा झालेला चेहरा समोर आला.

"भाऊ, तेल तुम्ही बरोबर घातलंत. तीन म्हणजे तीन. कमी घातल्याचा संशय मी घेतला, आणि जास्तीचं खापर तुमच्या डोक्यावर फुटलं तेही माझ्याचमुळे. दोन्ही वेळा तुमचा काही संबंध नव्हता. मी सर्वांसमोर मागे घेते."

भावाने मान हलवली. मग नजर तशीच वर, मेस्त्रीकडे.

मेस्त्री इकडे तिकडे बघून खाकरला. "तू पण ना! आता लाव म्हटलं ना तो नट, मग चहा मागवू."

"ही माफी झाली का?" खालून प्रश्न आला.

बाई अजून वाकलेल्याच होत्या. त्यांनी मान वळवून मेस्त्रीकडे पाहिलं, पूर्वी दुकानात शिरताना बघायच्या अगदी तशा.

"कमी आहे मेस्त्री," त्या म्हणाल्या. "पुन्हा भरा."

मेस्त्रीने चष्मा काढला. पाटीवरून उठला, खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसला आणि घसा साफ केला. मास्तरांनी हळूच पाठ फिरवली, कारण भावाभावांचं असलं काही बघायचं नसतं. मेस्त्री काय म्हणाला ते नीट ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होता. मग खाली नट घट्ट केल्याचा करकर आवाज आला, आणि बाई गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाल्या.